तेरावा स्तोभ

कुकडीकाठच्या ओझरला संकष्टीच्या दिवशी विघ्नहराच्या दर्शनाला मोठी रांग लागते. रांगेत कुणाचे ओठ हलत असतात, कुणी मांडी घालून मंडपात बसलेले असते, आणि अथर्वशीर्षाची आवर्तने चालू असतात. त्यातल्या प्रत्येक संस्कृत शब्दाचा अर्थ म्हणणाऱ्याला ठाऊक असतोच असे नाही. तरीही आवर्तने करून उठलेल्या माणसाचा चेहरा निवळलेला दिसतो. हे निवळणे कशाने होते, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

अथर्वशीर्षातच त्याचा एक धागा सापडतो. 'गं' या एकाक्षरी बीजमंत्राची तिथे चक्क फोड केली आहे : आधी गकार, मध्ये अकार, शेवटी अनुस्वार, त्यावर बिंदू आणि या सगळ्यांना सांधणारा नाद. हे अक्षर सावकाश म्हणून पाहावे. गकार क्षणात संपतो, अकारासाठी तोंड उघडते, मग ओठ मिटतात आणि उरते ते नाकात, टाळूत, कपाळाच्या हाडात घुमणारे गुंजन. शब्दकोशात त्याला जागा नाही. ज्ञानदेवांनीही ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाला ओंकाररूपात पाहताना अकाराला पावले मानले, उकाराला उदर आणि मकाराला मस्तक. ज्या वर्णासाठी ओठ मिटावे लागतात, तो त्यांनी सर्वांत वर ठेवला.

या गुंजनाने शरीरात काय होते, याचा तपास महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रिया उपकरणांनी मोजायला घेतल्या. हठयोगाच्या ग्रंथांत भुंग्यासारखा आवाज करण्याचा भ्रामरी प्राणायाम आहे. अशा गुंजनाने निवळण्याचे एक कारण पुढे स्वीडनमध्ये हाती लागले. वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग या संशोधकांनी 2002 साली दाखवले, की नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला, तर नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड सुमारे 15 पट वाढतो. गुंजनाच्या कंपनांनी नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांतली हवा झपाट्याने बदलते. हा वायू रक्तवाहिन्या सैलावतो, जंतूंनाही रोखतो.

दुसरे कारण छातीत आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मंदावण्याचे काम व्हेगस ही नस करते, आणि स्वरतंतूंना हलवणाऱ्या नसाही तिच्याच फांद्या आहेत. लांबवलेला ओंकार म्हणजे लांबवलेला उच्छ्वास. इटलीतल्या ल्युचानो बर्नार्दी यांनी 2001 साली 23 निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली मारियाची ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली, एकदा 'ॐ मणिपद्मे' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक सजग झाली. मारिया आणि मणिपद्म यांच्या अर्थात काही साम्य नाही. फुप्फुसांना मात्र दोन्ही सारखेच कळले.

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या संस्थेत 2011 साली ओंकार म्हणणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा भीती आणि भावना हाताळणाऱ्या भागांची हालचाल मंदावलेली दिसली. 'स्स्स' असा आवाज काढताना तसे झाले नाही. माणसे अवघी 12 होती, म्हणून या निष्कर्षावर फार मोठा इमला रचू नये. पण दिशा तीच आहे.

मग मंत्राचा अर्थ फुकटच म्हणायचा काय? हे विचारण्याचे धाडस आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास झाले. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात, कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदवले आहे : मंत्रांना अर्थच नसतो. यास्काने ते खोडून काढले. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो दोष खांबाचा नव्हे, असे तो म्हणतो. कौत्साला मात्र सामवेद जवळचा वाटला असता. सामगायक ऋचा गाताना मधेमधे 'हाउ', 'होइ' अशी अक्षरे घालतात. त्यांना स्तोभ म्हणतात. त्यांना शब्दार्थ नाही, आणि तरीही ती गायनातून गाळता येत नाहीत. फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाने तर यावरून मंत्रांची तुलना पक्ष्यांच्या गाण्याशी केली.

छांदोग्य उपनिषद या स्तोभांची यादी देते आणि एकेकाला एकेक जागा नेमून देते : हा स्तोभ म्हणजे हे जग, तो म्हणजे वायू, तो चंद्र. बारा झाल्यावर तेरावा येतो हुंकार, आणि त्याला उपनिषद म्हणते अनिरुक्त, म्हणजे ज्याचे निर्वचन करता येत नाही असा. एवढी शिस्तशीर यादी करणाऱ्या ऋषीने शेवटच्या जागेवर हे लिहावे, यात मोठा प्रामाणिकपणा आहे. अर्थ लावण्याचा यत्न त्याने सोडलेला नाही. जिथे अर्थ संपतो तिथे तो थांबला आहे.

अर्थात, निरर्थक आवाज नेहमी शांतच करतो असे नाही. नवरात्रात अष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे सवाष्णी घागरी फुंकतात. घागरीच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकायचे, घुमणारा आवाज काढायचा, तालावर नाचायचे. काही वेळाने एखादीच्या अंगात येते, ती घुमू लागते. सतत जोराने फुंकल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. ओंकारात श्वास मंदावतो, घागरीत तो वेग घेतो, आणि शरीर दोन्ही वेळा वेगळ्या वाटेने नेहमीच्या भानाबाहेर जाते. इतके सांगून घागर फुंकणारीचा अनुभव संपला असे मानणे मात्र उथळपणाचे आहे. वर्षभर घरात दबलेला आवाज त्या रात्री सगळ्यांसमोर मोठ्याने निघतो आणि बाकीच्या जणी त्याला देवीचा आवाज म्हणून नमस्कार करतात. हे रक्तातल्या वायूंच्या हिशेबात बसत नाही.

आता यातली कळीची गोष्ट. सिंगापूरच्या जेनेव्हिव स्वी आणि अ‍ॅनेट शर्मर यांनी 2015 साली माणसांना अतिथंड पाण्यात हात बुडवायला लावले. 'आऊ' असे म्हणू दिले, तेव्हा ती गप्प बसण्यापेक्षा जास्त वेळ कळ सोसू शकली. स्वतःचेच आधी ध्वनिमुद्रित केलेले 'आऊ' ऐकवले, तेव्हा काही उपयोग झाला नाही. नुसते बटण दाबूनही थोडी मदत झाली, म्हणजे काहीतरी करणे महत्त्वाचे होते. ऐकणे पुरले नाही. देवळांच्या कळसांवर आणि मांडवांत आज दिवसभर ध्वनिवर्धक लागलेले असतात, त्यांच्याकडे या नजरेने पाहायला हवे. सुरेल गळ्यातले अथर्वशीर्ष यंत्रातून ऐकणे वाईट नाही, पण त्या आवाजाखाली भाविकाचा स्वतःचा बेसूर गळा मिटून जात असेल, तर नुकसान त्याचे आहे. ध्वनिवर्धक त्याच्या वतीने श्वास सोडू शकत नाही.

ओझर ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या प्रवासात इथे निवर्तला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. पैठणच्या पंडितांचा वाद अधिकाराचा होता : वेद कुणी म्हणायचे? कथेचे उत्तर थेट गळ्यापर्यंत जाते. रेड्याला अर्थ कळला का, हे कथा विचारतही नाही. त्याने आवाज दिला आणि तो वेद ठरला.

या कथेचा उपयोग फक्त चमत्कार म्हणून करणे ही तिची हेळसांड आहे. अर्थाविना आवाजाची ही गोष्ट आपल्या घरांतही घडते. पक्षाघाताने मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, की अनेकांची वाचा जाते; शब्द फुटत नाहीत, पण सूर पुष्कळदा शाबूत राहतात. आयुष्यभर आरती म्हटलेली एखादी आजी मग संध्याकाळी घरच्यांच्या आरतीत नुसते 'हं हं' करून चाल धरते. घरातले कुणीतरी तिला थांबवते, "आई, तू गप्प बस, दमशील." तिला थांबवू नये. शरीराच्या बाजूने पाहिले तर तिचा उच्छ्वास लांबतो आहे, नाकातली हवा बदलते आहे, हृदय थोडे सावकाश चालले आहे. उपासनेच्या बाजूने पाहिले, तर छांदोग्याने तिच्या या आवाजासाठी यादीत एक जागा केव्हाच राखून ठेवली आहे.