उघडलेले कुलूप आणि अर्थबोध

भाषा शिकवण्यासाठी कोडी रचण्याची प्रथा जुनी असली, तरी ती कोडी संगणकाच्या पडद्यावरील बंद खोलीत मांडण्याची रीत अलीकडची आहे. या प्रकाराला ‘डिजिटल एस्केप रूम’ असे म्हणतात. त्यात विद्यार्थी एका काल्पनिक खोलीत अडकलेला असतो. चित्रातील कपाट, पत्र, घड्याळ, भिंतीवरची पाटी यांत दडवलेल्या खुणांवरून तो एखादा शब्द किंवा आकडा शोधतो आणि तो नेमून दिलेल्या चौकटीत भरला की कुलूप उघडून पुढचे दालन दिसू लागते. हा खेळ प्रत्यक्ष खोलीत येण्यापूर्वी संगणकावर आला. तोशिमित्सु ताकागी या जपानी रचनाकाराचा ‘क्रिम्झन रूम’ २००४ मध्ये इंटरनेटवर आला, तर ताकाओ कातो यांनी खऱ्या खोलीतला खेळ २००७ मध्ये क्योतो येथे सुरू केला. शाळेत त्यासाठी महागड्या साधनांची गरज पडत नाही, कारण अपेक्षित मजकूर जुळल्याशिवाय पुढचा विभाग न उघडण्याची सोय साध्या गूगल फॉर्ममध्येही आहे.

भाषेच्या वर्गात हा खेळ आला की एक प्रश्न आपोआप उभा राहतो: कुलूप उघडले, म्हणजे विद्यार्थ्याला भाषा कळली असे म्हणता येईल का? वरवर पाहता हा अध्यापनतंत्राचा प्रश्न आहे. परंतु भारतीय दर्शनांनी ‘शाब्दबोध’, म्हणजे वाक्य ऐकल्यावर श्रोत्याला होणारे अर्थाचे ज्ञान, हा विषय इतक्या गांभीर्याने हाताळला आहे की त्याच्या निर्णयावर मीमांसकांचा धर्मविचार आणि वेदान्त्यांचा मोक्षविचार असे दोन्ही उभे आहेत. शब्दाने ज्ञान कसे होते हे ठरल्याशिवाय वेदाने काय सांगितले हेही ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती, आणि वर्गातल्या कुलपाचा विचार त्याच भूमिकेवरून केल्यास तो अधिक खोल जातो.

प्रथम कुलपाची यंत्रणा लक्षात घेतली पाहिजे. संगणकाचे कुलूप अर्थ पाहत नाही. भरलेली अक्षरमालिका आणि साठवलेली अक्षरमालिका एकच आहे की नाही एवढेच ते ताडून पाहते. देवनागरीत याचा प्रत्यय फार लवकर येतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने टंकित करतो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द असतात. त्यामुळे ज्या मुलीला उत्तर पूर्णपणे कळले आहे तिच्यासमोर कुलूप बंद राहते, आणि शेजारच्या बाकावरून उत्तर उतरवून घेणाऱ्याला मात्र, त्याचे रूप योगायोगाने जुळल्यामुळे, वाट मोकळी होते. जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० मध्ये मांडलेल्या विचारप्रयोगातही एक खोलीच आहे: चिनी भाषेचा गंधही नसलेला माणूस केवळ नियमपुस्तिकेच्या आधारे चिनी चिन्हांना चिनी चिन्हांनी बिनचूक उत्तरे देतो, आणि बाहेरच्यांना वाटते की आत चिनी जाणणारा कोणी बसला आहे. सर्लचा रोख संगणकाच्या बुद्धीवर होता. तथापि वर्गातही हीच स्थिती उद्भवू शकते, फक्त इथे नियम पाळून चिन्हे जुळवणारा आत अडकलेला जीव यंत्र नसून विद्यार्थी असतो.

ही स्थिती सर्वांत सहज निर्माण होते ती सांकेतिक लिपीच्या कोड्यात, आणि दुर्दैवाने ते कोडे वारंवार वापरले जाते. अक्षरांच्या जागी आकडे किंवा चित्रे देऊन तक्त्यावरून शब्द उलगडायला सांगणे रचणाऱ्याला सोपे जाते आणि मुलांनाही त्यात रस वाटतो. परंतु तक्ता हाती आल्यावर ते कोडे मराठीचा एकही शब्द न जाणणारा माणूस सोडवू शकतो. उकल आणि आकलन यांतील हे अंतर मराठीच्या इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर दिसून आले आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी तेराव्या शतकात लोकांच्या बोलीत उपदेश केला आणि त्यांच्यामागे नागदेवाचार्यांनी ग्रंथरचना संस्कृतात करण्यास विरोध केला, कारण तसे केल्यास पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील ही चिंता त्यांना होती. त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर किंवा चिन्ह येते, म्हणजे तत्त्वतः ती आजच्या वर्गातल्या आकडेतक्त्यासारखीच आहे. अभ्यासकांनी यामागे निरनिराळी कारणे सांगितली आहेत: परकीयांपासून रक्षण, पाठाची शुद्धता, अनधिकारी वाचकांकडून होणारी विटंबना टाळणे. कारण कोणतेही असो, परिणाम असा झाला की ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा पंथाबाहेरच्या मराठी वाचकांना शतकानुशतके अज्ञात राहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीची उकल केल्यावरच तो सर्वांसमोर येऊ लागला. यातील अधिक बोधक भाग उकलीनंतरचा आहे. अक्षरे वाचता येऊ लागली तरी पंथाची परिभाषा, आचार आणि जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार नित्य पदार्थांचे तत्त्वज्ञान जाणल्याशिवाय त्या वाक्यांचा अभिप्राय हाती लागत नाही; अर्थाकडे जाण्याचे खरे परिश्रम त्यानंतरच सुरू होतात.

म्हाताऱ्यांविषयीची ती चिंता आजच्या कोडेरचनेलाही लागू आहे, कारण प्रत्येक कुलूप कोणाला तरी आत घेते आणि कोणाला तरी बाहेर ठेवते. जुन्या शास्त्रांत यालाच अधिकारविचार म्हणत, म्हणजे अमुक ज्ञान ग्रहण करण्यास पात्र कोण याचा निर्णय. व्याकरण शिकवणारे काव्य रचणाऱ्या भट्टीने, पाणिनीची सूत्रे रामकथेत गुंफून झाल्यावर, आपली रचना टीकेच्या साहाय्यानेच उमजावी, तिच्यात बुद्धिमंतांना उत्सव आहे आणि मंदबुद्धींचा तिथे पाड लागणार नाही, असे अभिमानाने सांगितले. काव्यशास्त्रकार भामहाने नेमका याच वृत्तीवर आक्षेप घेतला: काव्यही शास्त्राप्रमाणे व्याख्येवाचून कळणार नसेल, तर चतुरांचा उत्सव होईल, पण बाकीच्यांचा घातच होईल. भट्टीचा ग्रंथ अलौकिक आहे यात शंका नाही; तरीही भाषेच्या वर्गापुरता निर्णय भामहाच्या बाजूने दिला पाहिजे. वेळेची मर्यादा घातलेल्या खेळात पाच जणांच्या गटातला एक चपळ मुलगा सगळी कुलपे उघडतो, उरलेले चौघे त्याच्याबरोबर बाहेर पडतात, आणि पडद्यावर पाचही जणांचे अभिनंदन झळकते. ज्या मुलाला ते वाक्य वाचायला दोन मिनिटे अधिक हवी होती, त्याच्यासाठीच खरे तर वर्ग भरवलेला असतो.

मग भाषेच्या वर्गातले कुलूप कसे असावे, याचे उत्तर मीमांसकांच्या एका प्रसिद्ध विवेचनात सापडते. बालक भाषा शिकते कसे, या प्रश्नाला त्यांनी ‘वृद्धव्यवहार’ हे उत्तर दिले, म्हणजे जाणत्या माणसांचे परस्परांतले बोलणे आणि वागणे. एक वडीलधारा दुसऱ्याला गाय आणायला सांगतो आणि तो गाय आणतो. नंतर गाय बांधायला सांगतो, घोडा आणायला सांगतो. शेजारी बसलेले बालक कोणता शब्द बदलल्याने कोणती कृती बदलली हे पाहत पाहत एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. शब्द आत घालणे आणि बाहेर काढणे या पद्धतीला आवाप आणि उद्वाप अशी नावे आहेत. महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाल्यानंतर घरी मराठी न बोलणारी अनेक मुले हा विषय शिकत आहेत, आणि परदेशांतील मराठी शाळांतही अशीच मुले येतात. त्यांच्यासाठी पडद्यावर एक स्वयंपाकघर आहे, फळीवर डबा आहे, भिंतीवर आरसा आहे, असे समजावे. पहिली चिठ्ठी सांगते की किल्ली डब्यात ठेवली होती, ती आता डब्यामागे आहे. ज्याला केवळ ‘किल्ली’ आणि ‘डबा’ हे दोन शब्द कळले तो डबा उघडतो; ज्याने ‘होती’ आणि ‘आहे’, ‘-त’ आणि ‘-मागे’ यांतला फरक टिपला तो डब्याच्या मागे पाहतो. दुसऱ्या चिठ्ठीत ‘मागे’ कायम ठेवून ‘आरशामागे’ असा शब्द येतो, आणि ‘आरसा’चे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी होणारे रूप, कृतीतून समोर येते. तिसरीत आरसा कायम राहून ‘खाली’ येते. इथे लपवलेले काहीच नसते. सर्व अक्षरे समोर असतात, आणि वाट अडवते ती केवळ मराठी.

अर्थात मूल सगळीकडे बोट लावत सुटले तर वाचल्यावाचूनही किल्ली सापडते. म्हणून चुकीची जागा रिकामी ठेवणे बरोबर नाही. चुकीच्या वाचनाला अनुरूप असे काहीतरी तिथे असावे, उदाहरणार्थ डब्यात कालची तारीख घातलेली जुनी चिठ्ठी, जेणेकरून आपण वाक्याचा कोणता भाग सोडून दिला हे मुलाला त्या वाक्याकडे परतूनच कळेल. रचनाकाराचा खरा कस अशा चुकांच्या मांडणीत लागतो, आणि तिच्यासाठी द्यावा लागणारा वेळ सजावटीत खर्च होतो हे खेदजनक आहे.

इतके करूनही या पद्धतीची मर्यादा उरते, आणि तीही दर्शनांनी ओळखली होती. शब्दांचे अर्थ सुटे नसून परस्परांशी अन्वित म्हणजे जोडलेल्या रूपातच कळतात, असे मानणाऱ्या मीमांसक प्रभाकराच्या अनुयायांनी वृद्धव्यवहारावरून पुढे असा निष्कर्ष काढला की भाषेचा अर्थ अखेर कर्तव्यात आहे. वाक्य काहीतरी करायला लावते, म्हणूनच ते अर्थवान होते. वेदान्त्यांना हे मान्य होणे शक्य नव्हते, कारण उपनिषदांतील ब्रह्मबोधक वाक्ये काही करायला सांगत नाहीत, जे आहे ते दाखवून देतात. त्यांनी दिलेले उत्तर साधे होते: एखाद्याला पुत्रजन्माची वार्ता सांगितली असता तो कोणतीही आज्ञा पाळत नाही, तरी त्याचा चेहरा उजळतो, आणि त्या उजळण्यावरून पाहणाऱ्याला कळते की वाक्याचा अर्थ पोहोचला. एस्केप रूममधील जवळजवळ प्रत्येक वाक्य प्रभाकराच्या पक्षाचे असते, कारण ते शेवटी कुठेतरी बोट ठेवायला लावते. वार्ता, खेद, कृतज्ञता, आठवण यांची वाक्ये तिथे आली तरी किल्लीचा पत्ता म्हणूनच वाचली जातात. चेहरा पाहण्याची सोय कुलपाला नाही. ती वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेला आहे.

म्हणून खोलीतले शेवटचे दालन कुलपावाचून ठेवणे योग्य ठरते. स्वयंपाकघरातल्या सगळ्या चिठ्ठ्या संपल्यावर तिथे एक पत्र असावे, ज्यात घराची मालकीण आपण गाव सोडून का जात आहोत हे चार ओळींत सांगते आणि काहीही शोधायला सांगत नाही. विद्यार्थ्यांनी तिला उत्तर लिहावे, रिकाम्या चौकटीत, पडताळणीची अट न लावता. तीस मुलांची तीस उत्तरे निरनिराळी येतील, काहींत प्रत्यय चुकतील, आणि ती सर्व कोणीतरी बसून वाचावी लागतील.