यंत्र ऊब देते, पहारा करीत नाही

सन २०२१ च्या जानेवारीच्या ९ व्या तारखेस मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात आजारी नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. आत १७ बालके होती. ७ वाचली, १० दगावली, त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून.

अल्प वजनाच्या बालकाच्या अंगी ऊब टिकत नाही, म्हणून त्यास यंत्राने ऊब देतात. अशाच एका यंत्रातील विजेच्या दोषाने आग लागली, असे चौकशीत दिसून आले. ही यंत्रे देवाची देणगी होत, व त्यांच्या योगे पुष्कळ जीव वाचतात. परंतु यंत्र ऊब देते, पहारा करीत नाही. तो मनुष्यानेच करावयाचा आहे.

म्हणून अशा मातेस "देवाची इच्छा" असे सांगून आम्ही मोकळे होऊ नये, आणि तिच्या पापाचा शोध तर मुळीच करू नये. जे मनुष्याच्या दक्षतेने टळू शकते, ते देवाच्या माथी कसे मारावे? मेंढपाळ मेंढरे वाड्यात कोंडून निजत नाही. तो दाराशी जागतो.

उपदेशक बंधूंनो, शोकग्रस्तांच्या घरी जा, थोडे बोला, फार ऐका. शेजाऱ्याचे लेकरू इस्पितळात असेल, तर रात्री कोण जागे आहे, बाहेर पडण्याची वाट कोणती, हे नम्रपणे विचारा. प्रभू आम्हां सर्वांस जागे ठेवो. आमेन.