‘देव प्रेमळ आहे’ म्हणजे काय?



बुरोंडीच्या बंदरावर तांडेल म्हणतो, “दुपारनंतर वारा फिरेल.” दुपारी खरे-खोटे कळते. “देव प्रेमळ आहे” हे कसे पडताळायचे?

१९३६ साली ए. जे. एअर या इंग्रज तत्त्वज्ञाने लिहिले की, जे अनुभवाने पडताळता येत नाही आणि शब्दांच्या व्याख्येवरूनही ठरत नाही, ते विधान खोटे नव्हे, निरर्थकच. आपल्याकडे दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपूरहून मासिक काढले, तेच पुढे ‘आजचा सुधारक’ झाले. त्यांचा विवेकवादही श्रद्धेकडे पुरावा मागतो.

एअर यांना उत्तर आहे: तुमचा हा नियम तरी कोणत्या अनुभवाने पडताळायचा? पण एवढ्यावर खूश होऊ नये (मीही झालो होतो). अँटनी फ्ल्यू यांचा १९५० सालचा प्रश्न अधिक बोचरा आहे. काय घडले तर तुम्ही हे वाक्य सोडाल? काहीही घडले तरी सोडणार नसाल, तर तुम्ही नेमके सांगता काय?

होडी परतली नाही त्या घरी आपण हे वाक्य फार पटकन बोलतो. पुढे चुलीची, कर्जाच्या हप्त्याची, पोरांच्या फीची चौकशी कोणी केली नाही, तर त्या घराला ते पोकळच वाटणार. आपल्या मदतीने देव सिद्ध होत नाही, हे मान्य. पण त्या माउलीच्या हाताला काहीतरी लागते.

संत थोमाने जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हटले. प्रभूने त्याला हाकलले नाही, हात पुढे केले.