चार काड्या आणि एक कर्ण

काडेपेटीतल्या चार काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे चार तुकडे घेऊन चौकोन करा. एका कोपऱ्यावर बोट दाबलं की तो लवंडतो, चौरसाचा समभुज चौकोन होतो, आणखी दाबलं तर पार चपटा. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कसाही दाबा, आकार सोडत नाही. पुण्यात टेल्कोत नोकरी करणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात काम केलं, तेव्हा हे काड्यांचं खेळणं त्यांच्या हातून घडलं. पुढे पुण्यातल्या आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ते गावोगाव गेलं. खर्च जवळजवळ शून्य. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत ते उद्या करता येईल. पण एवढ्यावर थांबलं तर ती गंमतच राहते. मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची.

आमच्याकडच्या मुलांना चौकोन लवंडण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात उमरगा तालुक्यातली, आजच्या लोहारा तालुक्यात मोडणारी गावं कोसळली, त्याच्या आठवणी घराघरात आहेत. जाड दगडमातीच्या भिंती, दोन्ही पाठी आरपार दगडाने न बांधलेल्या, आणि डोक्यावर माळवदाचं मातीचं ओझं. काही घरांत खणाखणांचा लाकडी सांगाडा होता, पण उभा खांब आणि आडवी तुळई यांचा सांधा म्हणजे तोच काड्यांचा चौकोन. अशी घरं मजबूत करायची तर त्या सांध्यात तिरकं लाकूड ठोकावं, असं अभियंते सांगतात. तिरकं लाकूड म्हणजे कोपऱ्यात बसवलेला त्रिकोण. तीन बाजूंवरून त्रिकोण पक्का ठरतो, हा ‘बाबाबा’ कसोटीचा धडा पुस्तकात दोन ओळींत उरकतो. तो शिकवताना मी आधी माळवदाच्या घरातला एक जुना खांब दाखवीन.

मग शेताकडे वळावं. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. हे दहावीतल्या मुलाला घरीच ठाऊक असतं. बांधाच्या चार बाजू दोरीने मोजायच्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणाकार करायचा, अशी ढोबळ रीतही पुष्कळांना माहीत असते. आता काड्यांचा चौकोन पुन्हा हातात घ्या. प्रत्येक बाजू 33 फूट समजा. कोपरा 90 अंशांवरून 60 अंशांवर आणला, तरी बांधाची लांबी तीच, ढोबळ रीतीचं उत्तरही तेच 1,089. खरं क्षेत्रफळ मात्र उरतं सुमारे 943. जवळजवळ 146 चौरस फूट जमीन कागदावर आहे आणि रानात नाही. ही रीत कधी कमी दाखवत नाही, वाकड्या शेताला नेहमी जास्तच दाखवते. दोन भावांत वाटणी असेल, तर वाकडा तुकडा ज्याच्या वाट्याला येतो त्याचं नुकसान ठरलेलं. पंधरा वर्षांच्या मुलाला साईन 60 चा अर्थ यापेक्षा जवळून कोण सांगणार?

‘लीलावती’त भास्कराचार्यांनी नेमका हाच दोष पकडला होता. फक्त चार बाजू सांगून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा आणि ते निमूट सांगणारा, दोघांनाही त्यांनी पिशाच म्हटलं आहे. कर्ण किंवा लंब कळल्याशिवाय उत्तर ठरतच नाही, हा त्यांचा मुद्दा. भूमी अभिलेखाचं जुनं टिपण पाहिलं तर तिथेही हेच दिसतं: शेतातून एक आडवी रेषा, तिच्यावर काढलेले लंब, आणि सगळं क्षेत्र त्रिकोण-समलंबांत तोडलेलं. लोखंडी साखळी ओढणाऱ्या मोजणीदाराला कर्ण टाळता येत नव्हता.

नववीच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. गवंड्याच्या पिशवीतही ओळंब्याशेजारी गुण्याच असतो; एकच शब्द दोन्हीकडे आहे आणि तरी मुलांना हे नातं क्वचित दिसतं. पाया आखताना गवंडी एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करतो आणि तिरकं अंतर 5 फूट भरलं की कोपरा काटकोनात आला म्हणतो. मुलं म्हणतात, हा पायथागोरस. जरा थांबावं. पायथागोरसचं प्रमेय काटकोन आधी धरून कर्णाबद्दल बोलतं. गवंड्याकडे तर काटकोन नाहीच, त्याला तो मिळवायचा आहे. तो वापरतो व्यत्यास. दहावीच्या पुस्तकात हा व्यत्यास वेगळं प्रमेय म्हणून दिला आहे आणि बहुतेक मुलं तो ‘तेच उलटं’ म्हणून पाठ करतात. हातात दोरी असेल तरच प्रश्न उभा राहतो: 3, 4, 5 भरलं म्हणजे कोन काटकोनच असेल, हे कशावरून? 89 अंशांचा का नाही? इथे मोजपट्टी संपते आणि सिद्धतेची खरी गरज लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे. उपक्रम सिद्धतेच्या जागी नकोत. सिद्धतेची भूक लागावी म्हणून हवेत. आज दहावीच्या गणित भाग दोनच्या 40 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत ‘कृती पूर्ण करा’ असा प्रश्न असतो आणि त्यातली कृती म्हणजे छापलेल्या सिद्धतेतल्या रिकाम्या चौकटी भरणं. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही; तासिका मोजक्या आणि अभ्यासक्रम लांब. पण वर्षातले चार दिवस रानात गेले, तर चौकटीत काय भरायचं हे मुलं आपण होऊन विचारतील, असा माझा विश्वास आहे.

त्यातला एक दिवस नळदुर्गच्या किल्ल्यात जावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल सगळेच पाहतात. मुलांना नवबुरुजापाशी न्यावं, नऊ पाकळ्यांच्या. मग शेजारच्या मोकळ्या जागेत खुंटीभोवती दोरी फिरवून वर्तुळ काढावं आणि सांगावं, याचे नऊ समान भाग करा. सहा भाग त्रिज्येच्या दोरीनेच पडतात, हे त्यांना येतं. नऊ पडत नाहीत. अंदाजाने एक दोरी कापतील, नऊदा फिरवतील, शेवटी चार बोटं उरतील. उरलेल्याचा नववा हिस्सा दोरीत वाढवून पुन्हा फिरवतील, आता अर्धं बोट उरेल. दगड घडवणाऱ्याला एवढं पुरतं. कुणीतरी विचारेलच, कंपास आणि पट्टी एवढ्यावरच हे अगदी नेमकं कसं करायचं? त्याला सांगावं, की ते कुणालाच करता येणार नाही आणि का येणार नाही हे फ्रान्समधल्या वांट्झेल या गणितज्ञाने 1837 मध्ये सिद्ध केलं. मग त्याला पुन्हा एकदा दोरी फिरवू द्यावी. त्याला ती फिरवायचीच असते.