उष्णतेचा भार

गेल्या उन्हाळ्यात मी अभ्यासिकेत वातानुकूलन यंत्र बसविले, तेव्हा शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी अत्यंत सौम्यपणे एवढेच विचारले, "प्रोफेसरसाहेब, तुमच्या एसीचे तोंड आमच्याच खिडकीकडे का हो?" मला उत्तर सुचले नाही. उष्णता नाहीशी करण्याची विद्या मनुष्यास अवगत नाही. एका ठिकाणाहून उचलून ती दुसरीकडे टाकावी, एवढेच त्याच्या हाती आहे.

परंतु जेथे टाकावयास परके अंगणच नाही, तेथे काय करावे? शुक्रावर उतरणारी याने रचताना सोव्हिएट अभियंत्यांपुढे हाच प्रश्न होता. तेथील भूपृष्ठाचे तपमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस (शिसे ३२७ अंशांवरच वितळते!) व वायुदाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट. सिलिकॉनची सामान्य विद्युन्मंडले १२५ अंशांपलीकडे फारशी भरवशाची राहत नाहीत. अशा भट्टीत आतील उष्णता बाहेर ढकलावयाची तर फार मोठी शक्ती खर्चणारे यंत्र हवे. ते त्या यानास परवडणारे नव्हते. तेव्हा अभियंत्यांनी ढकलण्याचा नादच सोडला. वातावरणात शिरण्यापूर्वीच यान थंड करून घेतले, भोवती उष्णतारोधक आवरणे दिली, आणि आत लिथियम नायट्रेटचे सजल लवण ठेवले. हे लवण सुमारे ३० अंशांस वितळू लागते, आणि पुरते वितळेपर्यंत येणारी उष्णता पोटात घालते. स्वतः मात्र तापत नाही. १ मार्च १९८२ रोजी उतरलेल्या 'व्हेनेरा १३' कडून ३२ मिनिटांचीच अपेक्षा होती; ते १२७ मिनिटे बोलत राहिले.

पुढे नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने निराळीच दिशा धरली. सिलिकॉन कार्बाइडची मंडले शुक्रासारख्या वातावरणात, कोणत्याही शीतनावाचून, ५२१ तास चालविल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. मग ताप सोसणारी प्रकृतीच घडवावी, हा पक्ष श्रेष्ठ नव्हे काय? यंत्रापुरता तो खराच आहे. तथापि ती मंडले थोड्याच ट्रान्झिस्टरांची व अगदी साधी होती, हे विसरता कामा नये. शिवाय हा न्याय आपण फार लवकर माणसांस लावतो. भर दुपारी रस्त्यावर डांबर ओतणाऱ्यास 'त्याला सवय असते' असे म्हणून आपण पडदा ओढून घेतो. ती सवय त्याने मागितली होती काय, हे कोणी विचारीत नाही. मला त्या लवणाचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, मुदतीचा असला तरी.

माझ्या घरी तसे लवण नाही. मी यंत्राचे तोंड वरच्या रिकाम्या खोलीकडे फिरविले. तेथे पुढील महिन्यात बिऱ्हाड येणार असल्याचे परवाच कळले.