खूण आणि कौल

"नारळ उभा राहील तिथंच बोअर मारायची," असं आमच्या सोसायटीच्या सभेत एक काका ठणकावून म्हणाले. नवीन पनवेलच्या या सभेत कुणी हसलं नाही, कारण मे महिन्यात टँकरची बिलं भरून सगळेच मेटाकुटीला आले होते. तळहातावरचा नारळ, कडुलिंबाची बेचकी, तांब्याच्या तारा... पाणाड्याचा सरंजाम काय सांगायचा, सगळ्यांनी पाहिलेला असतो.

पनवेलला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पण खाली काळा कातळ. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. उरलेलं खाडीला जातं. वडाळे, कृष्णाळे ही जुनी तळी ज्यांनी बांधली त्यांना पाणी कुठे थोपेल ते उघड्या डोळ्यांनी दिसत असणार.

खूण आणि कौल यांत मी नेहमी फरक करतो. खूण दुसऱ्याला दाखवता येते, त्यावर भांडता येतं. कौल नुसता घ्यायचा असतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजलावर आख्खा अध्याय आहे. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर तिच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असं तो लिहितो. झाडं, वारुळं, मातीचे रंग, सगळी जंत्रीच. त्यातलं किती खरं हा भाग वेगळा. पण जांभूळ तुम्हालाही दिसते, खणून बघता येतं. नारळ मात्र पाणाड्याच्याच हातात उभा राहतो.

माझा एक अंधश्रद्धा निर्मूलनवाला मित्र म्हणतो, "चाचणी घ्या, विषय संपला." म्यूनिकला १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती झालीही. पाचेकशे जणांतून निवडलेले ४३ पाणाडे एका कोठाराच्या माळ्यावर, खालच्या मजल्यावर सरकवता येणारा पाण्याचा पाइप, ८४३ प्रयत्न. प्रयोग करणाऱ्यांना मोजक्या काहींत गुण दिसला. पुढे एन्राइट या शास्त्रज्ञांनी तेच आकडे तपासले तेव्हा तो नशिबाचा खेळ ठरला. मित्राचं बरोबर आहे. त्याची बाजू घ्यायची म्हणूनच मी लिहायला बसलो होतो.

पण आमच्याच सभेत भूवैज्ञानिकाचा अहवालही आला होता. विजेचा प्रवाह जमिनीत सोडून खडकाचा रोध मोजलेला, आलेखासकट. आलेख कुणी उघडलाच नाही. शेवटच्या पानावरच्या नकाशातली फुली तेवढी बघितली. हा कौलच की! झाडाची मुळं पोचतात तिथवर पाणी होतं तेव्हा खुणा वरून दिसायच्या. बोअर तीनशे फुटांवर गेली, तिथलं वरून काय दिसणार? मग नारळ काय अन् फुली काय, घेणाऱ्याच्या लेखी दोन्ही सारखीच. मित्राला हे पटत नाही. विज्ञानाची चूक पकडता येते, म्हणतो. येते ना, पण पकडायला कोणी बसलं तर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजते आहे; त्या नोंदी आमच्यापैकी कुणी मागितल्या नाहीत, मीही नाही.

नारळाची चर्चा संपल्यावर मी विचारलं, शेजारच्या सोसायट्यांच्या किती बोअर कोरड्या गेल्या, किती फुटांवर? सेक्रेटरी हसले. "कोरडी गेलेली बोअर कोण सांगतं हो? फ्लॅटचा भाव पडतो."