मिळेल त्या उजेडात

कोकणात वाढलेला माणूस चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पहिल्यांदा पहाटे उभा राहिला की काही क्षण त्याला दिशाच कळेनाशा होतात. जन्मभर त्याने सूर्याला समुद्रात बुडताना पाहिलेलं असतं. इथे तो समुद्रातून वर येतो. कॅमेरा हातात असलेल्यासाठी हा फरक नुसता गमतीचा नसतो. मालवण-रत्नागिरीकडे सकाळचं ऊन सह्याद्रीवरून, म्हणजे पाठीमागून येतं. लाटा, होड्या, कुरव पक्षी समोरून उजळतात आणि संध्याकाळी त्या सगळ्यांच्या काळ्या आकृती होतात. चेन्नईत याच्या बरोबर उलट. बेसंट नगरच्या एलियट्स बीचवर सकाळी वाळूत ओढली जाणारी होडी नुसती रेषा असते. दुपार कलली आणि सूर्य शहराच्या अंगाला गेला की त्याच होडीचा निळा-पिवळा रंग, जाळ्याचा हिरवा धागा आणि लाकडावर साचलेलं मीठ सुटंसुटं दिसू लागतं.

उजेडाचं वेळापत्रकही इथलं वेगळं आहे. चेन्नई १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास इथे उगवता सूर्य तासाला साधारण साडेचौदा अंश वर चढतो. त्यामुळे युरोपातल्या लेखकांच्या पुस्तकांत वाचलेला ‘सोनेरी तास’ या किनाऱ्यावर तासभर टिकत नाही. अर्ध्या तासात सावल्या आखडायला लागतात आणि नऊच्या आतच ऊन पांढरं पडतं. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यानंतर, असा वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा होते.

पाऊसही महाराष्ट्राचा हिशेब पाळत नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीला आभाळ धुऊन निघालेलं असतं, तेव्हा तिथे ईशान्य मान्सून सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे चेन्नईचे खरे पावसाचे महिने. बरेच हौशी छायाचित्रकार त्या दिवसांत कॅमेरा कपाटात ठेवतात. पण त्या मळभाच्या उजेडात काय होतं हे पाहायचं असेल तर गिंडीला जावं.

गिंडी राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात आहे. क्षेत्रफळ जेमतेम २.७ चौरस किलोमीटर, शेजारी राज्यपालांचं निवासस्थान आणि आयआयटी. १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेल्या या झुडपी जंगलात काळवीट आहेत. पूर्ण वाढलेला काळवीट नर म्हणजे छायाचित्रकाराची परीक्षाच असते. पाठ आणि मान जवळपास काळी, पोट आणि डोळ्याभोवतीचं कडं स्वच्छ पांढरं. कडक उन्हात काळ्या केसांतला तपशील मिळावा म्हणून जास्त उजेड आत घेतला, तर पोट पांढऱ्या डागासारखं जळून जातं. पोट सांभाळावं तर अंगाचा कोळसा होतो आणि काळा डोळा त्या काळ्यात बुडतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं असल्याचं धरून चालतं. या प्राण्यात मध्यम असं काही नसतंच. नोव्हेंबरच्या पातळ ढगाखाली मात्र काळा आणि पांढरा हे दोन्ही एका चित्रात मावतात. मानेवर काळा रंग कुठे तपकिरीत मिसळतो, शिंगांचे पीळ कसे फिरतात, कानाच्या आत केस किती विरळ आहेत, सगळं वाचता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीच्या माळावर काळवीट पाहिलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

म्हणजे ज्या उजेडाला आपण ‘खराब’ म्हणतो, तो पुष्कळदा प्राण्याबद्दल जास्त सांगतो. निसर्गछायाचित्रणाच्या शिकवणीत मात्र भर असतो तो देखण्या उजेडामागे धावण्यावर. उजेड बदलतो हे खरंच आहे. त्या बदलाशी छायाचित्रकाराने कसं वागायचं, हा प्रश्न तंत्राचा जितका आहे तितकाच नीतीचा आहे. या प्रश्नावर चेन्नईच्या एका माणसाने आयुष्यभर कृतीतून उत्तर दिलं आणि त्या उत्तराचा एक धागा मराठी घराण्यापर्यंत येतो.

ते म्हणजे निसर्गलेखक आणि छायाचित्रकार माधवय्या कृष्णन. त्यांचा जन्म १९१२ चा. वडील अ. माधवय्या हे तमिळमधले सुरुवातीच्या पिढीचे कादंबरीकार. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या फायसन यांच्याबरोबर कृष्णन निलगिरीच्या डोंगरांत हिंडले आणि त्यांना निसर्गाचं जन्माचं वेड लागलं. पुढे ते वकिलीची परीक्षा पास झाले, पण वकिलीत रमले नाहीत. १९४२ मध्ये त्यांनी संडूर संस्थानात नोकरी धरली.

संडूर आज कर्नाटकात, बल्लारी जिल्ह्यात. राज्य घोरपड्यांचं, गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या घराण्याची ही गादी. टेकड्यांनी वेढलेल्या त्या छोट्या संस्थानात कृष्णन यांनी शाळेत शिकवलं, न्यायदान केलं, प्रसिद्धीचं काम पाहिलं. हातात वेळ होता आणि दाराशी जंगल. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि कृष्णन मद्रासला परतले, ते पुन्हा नोकरीच्या फंदात पडलेच नाहीत. ते संडूरला गेले तेव्हा राजपुत्र मुरारराव यशवंतराव घोरपडे दहा-अकरा वर्षांचे होते. हेच एम. वाय. घोरपडे पुढे कर्नाटकचे अर्थमंत्री झाले आणि देशातल्या नावाजलेल्या वन्यजीव छायाचित्रकारांतही गणले गेले. १९८३ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘सनलाइट अँड शॅडोज’ आहे.

मद्रासला परतल्यावर कृष्णन यांनी १९५० मध्ये कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये ‘कंट्री नोटबुक’ हे सदर सुरू केलं आणि ते ४६ वर्षं चालवलं. १८ फेब्रुवारी १९९६ ला ते गेले, त्याच दिवशी शेवटचा लेख छापून आला. त्यांनी छायाचित्रं काढली ती काळी-पांढरी. कॅमेराही स्वतः जुळवलेला, बॉडी एका कंपनीची आणि लेन्स दुसरीची. त्या अवजड यंत्राला त्यांनी ‘सुपर पाँडेरोसा’ असं नाव दिलं होतं. ते घेऊन ते पायी किंवा वनखात्याच्या हत्तीच्या पाठीवरून दक्षिणेतली जंगलं फिरत. फिल्मवर मोजकीच चित्रं मिळत आणि तेव्हाच्या फिल्मला उजेडही भरपूर लागे. झाडीतला हत्ती उन्हाच्या तुकड्यात येईपर्यंत थांबायचं, नाही आला तर तसंच परतायचं, एवढाच मार्ग होता.

या थांबण्यातून काय हाती लागलं याचा पुरावा आहे. १९५९ ते १९७० या काळात द्वीपकल्पातल्या मोठ्या सस्तन प्राण्यांची त्यांनी केलेली पाहणी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ मध्ये पुस्तकरूपाने काढली. हत्तींच्या जवळ तासन्‌तास उभं राहिल्यामुळे त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. हत्तींचा असा एक खोल, थरथरता आवाज असतो, जो माणसाच्या कानाला जेमतेम कळतो. १९८४ मध्ये अमेरिकेत केटी पेन यांना प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींजवळ हवेत तशीच थरथर जाणवली आणि हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजात बोलतात हे पुढे उपकरणांनी सिद्ध झालं. कृष्णन यांनी त्याची नोंद त्याआधीच केलेली होती. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाची यंत्रणा नव्हती. उजेडाची वाट पाहताना प्राण्यापाशी घालवलेला वेळ होता.

उजेड आपल्या हुकमात नसणं ही त्या पिढीची अडचण होती, असं आज सहज म्हटलं जातं. पण त्या अडचणीनेच छायाचित्रकाराला प्राण्याच्या वेळेप्रमाणे चालायला भाग पाडलं. आता अडचण सरली आहे. आजचा साधा डिजिटल कॅमेरा संध्याकाळच्या अंधुक उजेडातही चालतो, सेकंदाला दहा-वीस चित्रं घेतो, उरलेली कसर संगणकावर भरून निघते. तंत्राने शिस्तीची सक्ती काढून घेतली, म्हणून ती शिस्त आता प्रत्येकाला आपणहून पाळावी लागते.

कृत्रिम उजेड मुळात वाईट, असं मात्र म्हणता येणार नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात उत्तरेतल्या जंगलांत पायवाटेवर तार बांधून, तिला पाय लागला की झगमगाट होईल अशा युक्तीने रात्रीच्या वाघाची छायाचित्रं घेतली. ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्याचं पुस्तक १९२७ चं. बंदुकीने मिळवायची गोष्ट कॅमेऱ्यानेही मिळवता येते, हे त्याने लोकांना दाखवलं. आज देशभरातली व्याघ्रगणना त्याच कल्पनेवर उभी आहे: वाटेवर बसवलेले कॅमेरे आणि पट्ट्यांवरून ओळखलेला एकेक वाघ. तो उजेड वाघ वाचवण्याच्या कामी येतो. उजेड कशासाठी टाकला आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, यावर निवाडा व्हायला हवा.

ही किंमत चेन्नईच्या किनाऱ्यावर डोळ्यांनी दिसते. जानेवारीपासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूवर येतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि वाळू थापटून परततात. किनाऱ्यावर चढणारी मादी फार बुजरी असते. दिवा चमकला तर ती अंडी न घालताच मागे फिरू शकते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात, तीही बहुधा रात्री. ती जातात सर्वांत उजळ क्षितिजाकडे. माणूस नव्हता तेव्हा ते क्षितिज समुद्राचं असे, ताऱ्यांचा आणि चंद्राचा उजेड पाण्यावर पसरलेला. आता सर्वांत उजळ असतो तो रस्ता. पिल्लं दिव्यांच्या दिशेने सरपटत जातात आणि कुत्री, कावळे, गाड्या यांच्या तावडीत सापडतात.

म्हणून स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्कची तरुण मंडळी १९८८ पासून हंगामात रात्री किनारा चालून काढतात. सापडलेली अंडी कुंपणातल्या सुरक्षित वाळूत हलवतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. त्यांच्याबरोबर चालणाऱ्यांना फ्लॅश वापरता येत नाही. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण हा नियम समजायला कायदा वाचावा लागत नाही. हाताच्या तळव्यात मावणारं पिल्लू ज्या खुणेवर समुद्र शोधतं, तीच खूण फ्लॅश पुसून टाकतो. अशा वेळी उत्तम छायाचित्रकार तो, जो कॅमेरा पिशवीत ठेवतो.

उजेडाचा दुसरा धोका यापेक्षा सौम्य दिसतो. तो चित्राला खोटं पाडतो. १८ ऑगस्ट २०१९ च्या रात्री चेन्नईच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकू लागल्या. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव पाण्यात दाटले होते. लाट फुटली की ते चमकत. बातमी पसरली तशी गर्दी लोटली आणि तिपाईवर कॅमेरे लागले. चित्रं विलक्षण होती. मात्र हे जीव असे दाटतात त्याचा संबंध पाण्यातल्या वाढलेल्या पोषकद्रव्यांशी आणि घटलेल्या प्राणवायूशी असू शकतो, हे कोणत्याच चित्रात उतरत नाही. ते शब्दांनी सांगावं लागतं.

पल्लीकरणैची दलदल हे याचं रोजचं उदाहरण. दक्षिण चेन्नईतली ही पाणथळ जागा एके काळी आजच्या कितीतरी पट होती. एका बाजूला पेरुंगुडीचा कचरा डेपो, दुसरीकडे आयटी कंपन्यांच्या इमारती, मधे उरलेलं पाणी आणि त्यात रोहित, शेकाट्या, जांभळ्या पाणकोंबड्या. काही भाग २००७ मध्ये राखीव वन झाला आणि २०२२ मध्ये १,२४७ हेक्टरांना रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला. सकाळच्या कोवळ्या उन्हात लांब लेन्सने रोहित टिपला तर मागचं सगळं धूसर होतं. कचरा नाही, इमारत नाही, फक्त गुलाबी पक्षी आणि सोनेरी पाणी. तोच माणूस दुपारच्या रखरखीत उन्हात रुंद लेन्स लावून उभा राहिला तर डेपोचा डोंगर आणि पक्षी एका चौकटीत येतात. पहिलं चित्र भिंतीवर लागतं. पावसाचं पाणी सामावून घेणारी दलदल अशी आक्रसल्यावर डिसेंबर २०१५ च्या पुरात हे शहर का बुडालं, हे समजायला दुसरं चित्र लागतं. ठाणे खाडीच्या काठावर रोहित टिपणाऱ्या मुंबईकरांनाही ही निवड रोज करावी लागते.

यातलं पहिलं चित्र काढूच नये, असा याचा अर्थ नाही. देखण्या चित्रानेच माणूस दलदलीकडे वळतो. पण एकाच जागेची फक्त सकाळच पाहत राहिलं तर ती जागा कळत नाही. मळभात, भर दुपारी, पाणी आटलेलं असताना पुन्हा पुन्हा तिथे जावं लागतं. त्याच जागेवरून काढलेली वर्षानुवर्षांची चित्रं, प्रत्येकामागे तारीख आणि वेळ, हा पुढच्या अभ्यासकांसाठी मोठा ठेवा असतो. मद्रास नॅचरलिस्ट्स सोसायटीसारख्या संस्थेची माणसं १९७८ पासून अशा नोंदी ठेवण्याचं साधं काम करत आली आहेत. महाराष्ट्रातही गावोगावी कॅमेरे आहेत. त्यांना अशा नोंदींची जोड मिळाली तर माळ, तळी आणि खाड्या यांचा चालता इतिहास तयार होईल.

म्हणून छायाचित्रण स्पर्धा भरवणाऱ्यांना, क्लबांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. वन्यजीवाचं चित्र स्वीकारताना त्याची तारीख, वेळ आणि परिसर विचारा. नेमकं घरटं किंवा बीळ कुठे आहे ते मात्र छापू नका. उजेड कुठून आला, फ्लॅश वापरला का, प्राण्याला आमिष दाखवलं का, हेही विचारा आणि उत्तरं चित्राखाली छापा. सोनेरी उजेडातल्या चित्रांच्या बरोबरीने ढगाळ दिवसांच्या आणि भर दुपारच्या चित्रांसाठीही एक वर्ग ठेवा. आणि जानेवारी ते मार्चमध्ये चेन्नईला जाणं झालंच, तर एक रात्र कासवांच्या किनाऱ्यावर चालायला जा, टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही बंद ठेवून.